माझ्या केमिस्ट्रीच्या वर्गात मार्क कुठे मिळतात, कुठे गळतात

अकरावीचे प्रवेश एकदाचे उरकले की पहिल्या लेक्चरला मी फळ्यावर दोन आकडे लिहिते, ७० आणि ३०, आणि विचारते, ‘‘यातले सोपे कुठले?’’ सगळा वर्ग एका सुरात सांगतो, ‘‘तीस!’’ प्रॅक्टिकलचे. ते तर सगळ्यांना मिळतातच ना मॅडम. मग मी मागच्या वर्षीच्या आमच्या सराव प्रॅक्टिकलचं मार्कांचं शीट, नावांवर पट्टी ठेवून, पहिल्या बाकावर फिरवायला देते. २८ च्या खाली १७, १७ च्या खाली १४. शीट शेवटच्या बाकापर्यंत जाईस्तोवर वर्ग बऱ्यापैकी शांत झालेला असतो.

परळ भागातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी एकवीस वर्षं केमिस्ट्री शिकवते. मुलं येतात शिवडी, काळाचौकी, नायगाव, वडाळ्याहून. मी येते डोंबिवलीहून. दरवर्षी जुलै ते सप्टेंबर तेच प्रश्न तीनशे वेळा विचारले जातात. पोरं विचारतात, मग पालक विचारतात, मग पालकांच्या वतीने एखादा मामा फोन करून विचारतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. हे माझ्या वर्गाचे नियम. दुसऱ्या मॅडमचे, दुसऱ्या सरांचे थोडे वेगळे असतील. पण बोर्डाचा पेपर सगळ्यांना एकच आहे.

आधी हिशेब

दहावीला केमिस्ट्री अशी वेगळी नव्हतीच. विज्ञान भाग १ च्या ४० मार्कांत ती फिजिक्ससोबत वाटणी करून राहत होती. आता बारावीला तिचे एकटीचे १००: लेखी ७०, प्रॅक्टिकल ३०. अकरावीला आमच्याकडे पहिली घटक चाचणी २५, सहामाही ५०, दुसरी घटक चाचणी २५ आणि वार्षिक १००, अशी २०० ची बेरीज करून निम्मी करतात. पास व्हायला ३५ टक्के. हे मी फक्त एकदा सांगते, कारण ३५ या आकड्यावर बोलत बसलं की काही मुलं तोच पत्ता धरून निघतात.

बारावीच्या लेखी पेपरची रचना मात्र पाठ असली पाहिजे. वेळ ३ तास. पहिला प्रश्न दहा एमसीक्यू, प्रत्येकी १ मार्क. दुसऱ्यात एकेका मार्काचे आठ छोटे प्रश्न. मग २ मार्कांचे बारापैकी आठ, ३ मार्कांचे बारापैकी आठ आणि शेवटी ४ मार्कांचे पाचपैकी तीन. बेरीज करून बघा: छापलेला पेपर ९८ मार्कांचा असतो आणि सोडवायचा ७० चा. म्हणजे २८ मार्कांचं तुम्हाला येत नसलं तरी चालतं, फक्त ते नेमकं कुठलं हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखता आलं पाहिजे. एका मार्कामागे साधारण अडीच मिनिटं मिळतात. आणि पहिल्या दोन प्रश्नांत ऑप्शन नाही, ते १८ मार्क सगळ्या १६ धड्यांत पसरलेले. ‘‘मॅडम, पॉलिमर ऑप्शनला टाकू का?’’ असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. टाक बाबा, पण त्यातला एक मार्काचा प्रश्न तुला ऑप्शनला टाकणार नाही.

एमसीक्यूत फक्त ‘ब’ किंवा ‘क’ लिहून थांबायचं नाही. अक्षरही लिहायचं आणि उत्तरही लिहायचं. पहिलं लिहिलेलंच उत्तर तपासलं जातं, त्यामुळे मागच्या पानावर पुन्हा नवीन उत्तर लिहून उपयोग नाही. माझ्या चाचणीतही हेच.

कॅल्क्युलेटर नाही. लॉग टेबल चालतं. हे वाक्य मी ऑगस्टमध्ये बोलते आणि जानेवारीत एखादा मुलगा मला विचारतो, ‘‘मॅडम, अँटिलॉग कुठल्या पानावर असतो?’’ मी माझ्या तासाला पहिल्या दिवसापासून फोनवर गणित करू देत नाही. ०.६९३ ला ३० ने भागायचं तर हाताने भागा. बोटांना सवय लागायला चार महिने लागतात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लागत नाही.

अर्धा अर्धा मार्क

मी पेपर कसा तपासते ते एकदा जवळून बघा. ३ मार्कांचं एक गणित घेते. फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शन आहे, हाफ लाइफ ३० मिनिटं, तर ९० टक्के रिअ‍ॅक्शन पूर्ण व्हायला किती वेळ लागेल?

के (रेट कॉन्स्टंट) आणि हाफ लाइफ (निम्मी रिअ‍ॅक्शन व्हायला लागणारा वेळ) यांचा संबंध सांगणारं सूत्र लिहिलं, अर्धा मार्क. ०.६९३ भागिले ३०, म्हणजे ०.०२३१ प्रति मिनिट, असं युनिटसकट लिहिलं, अर्धा. नुसतंच ०.०२३१ लिहिलं तर मी तिथे गोल करते आणि पुढे जाते. तो गोल म्हणजे गेलेला मार्क. मग वेळेचं सूत्र, २.३०३ भागिले के गुणिले लॉग, अर्धा. त्यात किमती टाकल्या, अर्धा. लॉग १० म्हणजे १, अर्धा. उत्तर ९९.७ मिनिटं, युनिटसकट, अर्धा. झाले तीन.

आता यातली नेहमीची चूक. लॉगमध्ये सुरुवातीचं प्रमाण भागिले उरलेलं प्रमाण घ्यायचं असतं. ९० टक्के संपलं म्हणजे उरलं १०. पण प्रश्नात ९० दिसतो, म्हणून हात आपोआप १०० भागिले ९० लिहितो. त्याचा लॉग येतो ०.०४५८ आणि उत्तर येतं साधारण साडेचार मिनिटं. मुलगा त्याच्याखाली दोन रेघा मारतो आणि पुढच्या प्रश्नाला लागतो. अरे, निम्मी रिअ‍ॅक्शन व्हायला ज्याला ३० मिनिटं लागतात, त्याची ९० टक्के साडेचार मिनिटांत कशी होईल? सीएसएमटीहून सुटलेली लोकल दादरला पोचायच्या आधी ठाण्याला पोचली असं कोणी सांगितलं तर तुम्ही हसाल, इथे मात्र दोन रेघा मारता.

तरीही अशा पेपरला मी दीड मार्क देते. दोन्ही सूत्रं बरोबर, के बरोबर, युनिट आहे. ज्याने एकही पायरी न दाखवता थेट ९९.७ लिहिलं त्याला अर्धा देते. दरवर्षी यावरून वाद होतो. ‘‘मॅडम, माझं उत्तर बरोबर, मला अर्धा, आणि त्याचं चूक, त्याला दीड?’’ हो. बाजूच्याच्या पेपरातून शेवटची ओळ दिसते, मधल्या पाच दिसत नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

समीकरण बॅलन्स नसेल तर अर्धा जातो. बाणावर तापमान किंवा कॅटॅलिस्ट लिहायचा राहिला, पुन्हा अर्धा. ऑरगॅनिकमध्ये रचना काढताना हायड्रॉक्सिल (ओएच) गटाची काडी, म्हणजे बाँड, ऑक्सिजनला चिकटली पाहिजे, हायड्रोजनला नाही. डाव्या बाजूला गट जोडायचा असेल तेव्हा ‘एचओ’ असं उलटं लिहा म्हणजे ऑक्सिजन काडीशेजारी येतो. हे मी वर्षातून शंभर वेळा सांगते. कार्बनला पाच काड्या काढणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेगळं लाल पेन आहे असं मुलं म्हणतात. नाहीये, तेच आहे, दाबून लिहिते इतकंच.

व्याख्यांमध्ये एखादा शब्द सगळा मार्क धरून बसलेला असतो. मोलॅरिटी एक लिटर सोल्युशनमध्ये मोजायची, मोलॅलिटी एक किलो सॉल्व्हंटमध्ये. दोन्हीकडे ‘सोल्युशन’ लिहिणारी मुलं निम्म्याहून जास्त. घरात लिंबू सरबत करून बघा: पाणी हा सॉल्व्हंट, साखर-मीठ-लिंबासकट भरलेला ग्लास म्हणजे सोल्युशन. एवढं डोक्यात बसलं तर तो मार्क कोणी काढून घेऊ शकत नाही. फरक सांगा असं विचारलं की मधोमध रेघ मारून दोन रकाने करा. परिच्छेद लिहिलात तर मुद्दे मला शोधावे लागतात, आणि त्रेपन्नाव्या पेपरला मी किती शोधेन याची खात्री मी स्वतःही देत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

आमच्याकडे वर्गातली बरीच मुलं मराठी माध्यमातून येतात. दहावीपर्यंत आम्लारी, संयुजा, उदासिनीकरण, अवक्षेप हे शब्द त्यांना घरच्यासारखे असतात आणि अकरावीच्या पहिल्या आठवड्यात सगळी ओळखीची माणसं इंग्रजी कपडे घालून समोर उभी राहतात. मुलाला केमिस्ट्री येत नसते असं नाही, त्याला नावं लागत नसतात.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्याकडे पालिकेच्या शाळेतून आलेला एक मुलगा होता. रिडक्शनची व्याख्या विचारली होती. त्याने ‘क्षपण’ असा मथळा देऊन इलेक्ट्रॉन मिळवणं, ऑक्सिजन जाणं, हायड्रोजन येणं असं सगळं मराठीत अचूक लिहिलं होतं. मी शून्य दिलं. पेपर इंग्रजी माध्यमाचा, उत्तर मराठीत, विषय संपला. पेपर परत घेताना तो काही बोलला नाही. पुढच्या चाचणीत त्याने तो प्रश्नच कोरा सोडला. मला ते कोरं पान बघितल्यावर कळलं की आपण काय केलं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. पहिल्या घटक चाचणीत शब्द आठवला नाही तर मराठीत लिहा, आशय बरोबर असेल तर निम्मे मार्क मिळतील. सहामाहीपासून ही सवलत बंद, कारण बोर्डाचा पेपर इंग्रजीत येतो आणि तिथे मी तुमच्या शेजारी नसते. मधल्या काळात वहीच्या शेवटच्या चार पानांवर दोन रकाने करायचे, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. रोज पाच शब्द. दिवाळीपर्यंत तीनशे होतात. ही पानं मी बघते आणि सही करते, त्याला मार्क नाहीत. इंग्रजी माध्यमातल्या एका मुलीने एकदा हौसेने ही यादी केली आणि मला म्हणाली, ‘‘मॅडम, अवक्षेप म्हटलं की ते खाली बसताना दिसतं.’’ दिसतंच.

लॅबमधले तीस

आता ते ‘सोपे’ तीस. बाटली-नळ्यांचं काम शिकवता येतं, पण वाचून येत नाही, म्हणून एकच प्रयोग नीट सांगते: पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं टायट्रेशन, म्हणजे एक सोल्युशन दुसऱ्यात थेंबाथेंबाने टाकून नेमकं किती लागतं ते मोजणं.

ब्युरेट (खाली तोटी असलेली मोजनळी) पाण्याने धुतल्यावर परमँगनेटने खळबळून घ्यायचा. पिपेट ऑक्झॅलिकने. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त पाण्याने. फ्लास्कही ऑक्झॅलिकने धुतला तर आत चार थेंब जास्तीचे राहतात आणि रीडिंग वाढतं. कोणाच्या फ्लास्कला ही आंघोळ झाली आहे ते मी रीडिंग बघून ओळखते. ब्युरेट भरल्यावर वरचं फनेल काढून ठेवा, त्यातून थेंब पडत राहतात. तोटीत हवेचा बुडबुडा अडकला आहे का बघा. पिपेट तोंडाने ओढायचं नाही, रबरी बल्ब वापरायचा; ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विषारी आहे. आमच्या वेळी आम्ही तोंडानेच ओढायचो, हा युक्तिवाद पालकांनीही करू नये. पिपेटच्या टोकाशी उरलेला शेवटचा थेंब फुंकून पाडू नका, तो मोजमापात धरलेलाच नसतो.

फ्लास्कमध्ये १० मिली ऑक्झॅलिक, त्यात पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड, मग बर्नरवर साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत गरम. उकळवायचं नाही, उकळलं तर ऑक्झॅलिकचंच विघटन व्हायला लागतं. आता पहिला थेंब टाका आणि बघा. तो गुलाबी राहतो. जात नाही. घाबरून पोरं मला हाक मारतात, ‘‘मॅडम, एन्ड पॉइंट आला!’’ एका थेंबात? थांबा, हलवा. हळूहळू रंग जातो. दुसरा थेंब जरा लवकर जातो. आणि मग अचानक परमँगनेट पडल्या पडल्या नाहीसं व्हायला लागतं. रिअ‍ॅक्शनमध्ये जे मँगनीजचे आयन तयार होतात तेच पुढच्या रिअ‍ॅक्शनला कॅटॅलिस्ट म्हणून जुंपले जातात, म्हणून सुरुवात रखडत आणि पुढे सुसाट. एवढं ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे त्याला तोंडी परीक्षेत ‘ऑटोकॅटॅलिसिसचं उदाहरण द्या’ हा प्रश्न कधीच अडत नाही. शेवटी फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. फिकट. जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा रंग आला असेल तर तुम्ही कधीच पुढे निघून गेला आहात. आणि मधेच तपकिरी गढूळ झालं तर अ‍ॅसिड कमी पडलंय किंवा फ्लास्क गार झालाय.

परमँगनेट गडद असल्यामुळे खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेचं घ्यायचं, डोळा त्याच पातळीवर आणून. आधी पायलट, म्हणजे अंदाजाचं रीडिंग, मग तीन नीट रीडिंग, त्यातून सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड का नाही वापरलं, हा तोंडीतला ठरलेला प्रश्न: परमँगनेट त्यातल्या क्लोराइडलाच ऑक्सिडाइझ करून क्लोरीन काढतं आणि रीडिंग बिघडतं. नायट्रिक का नाही? ते स्वतःच ऑक्सिडायझिंग आहे.

आता माझी एक खोड सांगून ठेवते, म्हणजे नंतर अन्याय झाला असं वाटायला नको. परीक्षेच्या दिवशी परमँगनेटच्या बाटल्या ए, बी, सी अशा तीन असतात आणि तिन्हींची तीव्रता किंचित वेगळी असते. हे लॅबमधल्या मामांना आणि मला माहीत असतं. काही वर्षांपूर्वी सी बाटलीवर बसलेल्या सगळ्या रांगेने १०.०, १०.०, १०.० लिहिलं. ते ए बाटलीचं रीडिंग होतं, पुढच्या रांगेतून कुजबुजत मागे आलेलं. सी बाटलीचं यायला हवं होतं ११.१ च्या आसपास. त्या रांगेत एका मुलीच्या कागदावर आधी ११.१, ११.२, ११.१ लिहिलेलं होतं. त्यावर काट मारून तिने खाली १०.० लिहिलं होतं. काट एकेरी होती, आतले आकडे वाचता येत होते. मी तिला काट मारलेल्या आकड्यांचे मार्क दिले. बाकी रांगेला रीडिंगचे शून्य. नंतर विचारलं तर म्हणाली, ‘‘सगळ्यांचं वेगळं येतंय म्हटल्यावर मला वाटलं माझंच चुकलं.’’

यावरून दोन नियम निघाले. एक, खाडाखोड एका रेघेने करायची, व्हाइटनर लॅबमध्ये आणायचाच नाही. दोन, तुमचं रीडिंग अपेक्षेपेक्षा लांब आलं आणि तुम्ही तेच प्रामाणिकपणे लिहून पुढचं गणित बरोबर केलंत, तर गणिताचे पूर्ण मार्क मिळतील. फक्त अचूकतेचे जातील. शेजारचं सुंदर रीडिंग उचललंत आणि मला कळलं, तर दोन्ही जातील.

सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्येही, म्हणजे दिलेला क्षार कुठला ते ओळखतानाही, तसंच. टेस्ट, ऑब्झर्व्हेशन, इन्फरन्स हे तीन रकाने वेगळे तपासले जातात. सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर फाटलेल्या दुधासारखा पांढरा अवक्षेप आला आणि अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळला, एवढं दिसलं ते लिहा. नंतर निष्कर्षात क्लोराइडऐवजी काही भलतं लिहिलंत तरी बघितल्याचे मार्क आहेत. (ते सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर काळा डाग पडतो आणि तो साबणाने जात नाही, आठवडाभर राहतो. कोण काळजीपूर्वक काम करतं हे मला बोटांवरूनही समजतं.)

जर्नल

डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती आणि निरीक्षणांचा तक्ता, उजवीकडे पेनाने मजकूर. रीडिंग आधी कच्च्या वहीत, तळहातावर नाही. पावसाळ्यात घाम आणि शाई दोन्ही वाहतात. कच्च्या वहीवर त्याच दिवशी माझी सही घ्यायची. सही नसेल तर तो प्रयोग झालाच नाही असं मी धरते.

जर्नल पुढच्या प्रॅक्टिकलला तपासून मिळालं पाहिजे. आठवडा उशीर झाला तर १० पैकी एक मार्क कमी, दोन आठवडे उशीर झाला तर दोन. तीन आठवड्यांनंतर मी तपासते, सही करते, पण मार्क देत नाही. सर्टिफाइड जर्नलशिवाय बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसायची पंचाईत होते, म्हणून सही अडवत नाही. जानेवारीत बारा प्रयोग एका रात्रीत उतरवून आणणारे दरवर्षी असतात. त्यांचं अक्षर तिसऱ्या प्रयोगापासून बदलतं, सहाव्याला ताईचं होतं आणि नवव्याला बहुतेक आईचं. आयांनो, तुम्हाला नमस्कार, पण हे मार्क तुम्हाला देता येत नाहीत.

प्रोजेक्टबद्दल फार सांगत नाही. इंटरनेटवरून छापलेली वीस पानं आणि स्पायरल बाइंडिंग मला नको. चार पानं चालतील, पण त्यात तुम्ही मोजलेलं काहीतरी पाहिजे. मागे एका मुलाने चाळीच्या विहिरीचं, समोरच्या टॉवरमधल्या बोअरचं आणि पालिकेच्या नळाचं पाणी आणून प्रत्येकाला फेस यायला किती थेंब साबणाचं पाणी लागतं ते मोजलं. नळाला सर्वांत कमी. वैतरणा-भातसाचं पाणी मऊ, हे त्याला पुस्तकात न वाचता कळलं. मी पूर्ण मार्क दिले. त्याची आकृती वाकडी होती.

हजेरी, लोकल आणि क्लास

बोर्डाची अट ७५ टक्के हजेरीची. लेक्चरला दहा मिनिटांपर्यंत उशीर झाला तर मागच्या दाराने येऊन बसा, कारण सांगू नका, वेळ जातो. सेंट्रल किंवा हार्बर बंद पडली असेल तर ते मलाही माहीत असतं, कारण मीही कुठेतरी अडकलेली असते. प्रॅक्टिकलला मात्र उशीर चालत नाही. बॅच सुरू झाल्यावर आलेल्याला मी बर्नरजवळ उभं करत नाही, कारण काय करायचं नाही हे मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगते.

क्लासची वेळ आणि प्रॅक्टिकलची वेळ एकच आली तर काय, हा प्रश्न पालक विचारतात आणि त्यांना माझं उत्तर आवडत नाही. क्लासची बॅच बदला. सीईटीला फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे पर्याय बघून उलटं गणित करणं, अंदाजे आकडा ओळखणं या युक्त्या चालतात आणि क्लास त्या छान शिकवतात. माटुंग्याच्या आयसीटीत केमिकल इंजिनिअरिंगला जायचं म्हणून धडपडणारी मुलं दरवर्षी वर्गात असतात आणि त्यांना त्या युक्त्या लागतातच. पण तीच सवय बोर्डाच्या पेपरात आली की वर सांगितलेल्या ३ मार्कांच्या गणितात अर्धा हातात राहतो. एका क्लासवाल्यांनी तर मुलांना सांगितलं होतं की जर्नल ते तयार देतील. मी ते तयार जर्नल पाहिलं. त्यात तीस मुलांचं सी.बी.आर. एकच होतं.

मार्क पटले नाहीत तर

पेपर मिळाल्यापासून तीन दिवसांत या. तोंडी नको, चिठ्ठीवर प्रश्न क्रमांक आणि तुमचं म्हणणं लिहून आणा. ‘‘मॅडम, दोन मार्क वाढवा ना’’ हे म्हणणं नाही. ‘‘४ ब मध्ये युनिट दुसऱ्या ओळीत लिहिलं आहे’’ हे म्हणणं आहे. चिठ्ठी आली की मी पूर्ण पेपर पुन्हा बघते, त्यामुळे मार्क कमीही होऊ शकतात, हे आधी सांगते. पाचसहा वर्षांपूर्वी मी एकाची बेरीज १९ ऐवजी १६ केली होती आणि तो तीन दिवस यायला घाबरला, चौथ्या दिवशी आईला घेऊन आला. माझी चूक होती, नियमाचा चौथा दिवस मी बाजूला ठेवला. बेरीज चुकली असेल तर मुदत नाही, केव्हाही या. बोर्डाच्या निकालानंतरही उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि मग पुनर्मूल्यांकन असा रस्ता आहे, तिथेही आधी फोटोकॉपी घेऊन माझ्याकडे या, आपण एकत्र बघू, मग पैसे भरा.

घटक चाचणी चुकली तर डॉक्टरांची चिठ्ठी. गणपतीत चाचणी ठेवत नाही, लालबाग-परळमध्ये तेव्हा कॉलेजच्या गेटपर्यंत पोचणं हीच परीक्षा असते. पहिली चाचणी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात होईल.

पहिल्या प्रॅक्टिकलला येताना पूर्ण बाह्यांचा लॅब कोट, पुढे बंद असलेले बूट, लॉग टेबल, कच्ची वही, पेन्सिल. लांब केस बांधून या. ओढणी घरी किंवा कोटाच्या आत. बर्नर पेटते राहावेत म्हणून लॅबमधले पंखे दोन तास बंद असतात, तेव्हा रुमाल मोठा आणा.